खेळाडूंच्या रेटिंगवरून सर्वोत्तम कॉम्प्युटर गेम ठरवता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: समीक्षक बोटांवर मोजण्याइतके. त्यांची स्वतःची आवडनिवड असते, कंपन्यांशी उठणं-बसणं असतं. उलट स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात एकेका गेमला लाखो खेळाडू मत देतात. इतक्या मतांची गोळाबेरीज केली की एकेकट्याची आवडनिवड आपोआप गळून पडणार आणि उरेल तो गेमचा खरा दर्जा. मग रेटिंगच्या उतरत्या क्रमानं यादी लावायची आणि पहिला येईल तो सर्वोत्तम, असं का म्हणू नये?

म्हणू नये. गेमच्या रिव्ह्यूंचा डेटा वाचायचा आणि त्यातलं काय मनावर घ्यायचं, काय सोडून द्यायचं हे स्टुडिओंना सांगायचं, हे माझं रोजचं काम आहे. खेळाडूंची मतं मला फार मोलाची वाटतात. समीक्षकांच्या नजरेतून सुटलेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी पकडलेल्या मी पाहिल्यात. पण तो आकडा एका प्रश्नाचं उत्तर असतो आणि आपण त्याला भलताच प्रश्न विचारतो. 'ज्यांनी हा गेम घेतला त्यांना तो सध्या आवडतोय का?' याचं उत्तर रेटिंग देतं, आणि बऱ्यापैकी प्रामाणिकपणे देतं. 'सर्वोत्तम गेम कोणता?' असं त्या खेळाडूंना कुणी विचारलेलंच नसतं.

लाखोंची मतं एकत्र केली की सत्य सापडतं, हा समज आला कुठून ते आधी बघू. याचा दाखला म्हणून नेहमी ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनचा बैल पुढे केला जातो. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं मांस कापून साफ केल्यावर किती भरेल, याचे अंदाज लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिले. त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या गाल्टनला हिशेबात घेता आल्या. सगळे अंदाज चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा अंदाज होता १,२०७ पौंड, सरासरी होती १,१९७ पौंड, आणि प्रत्यक्ष वजन भरलं १,१९८ पौंड.

गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण ती जमली कशामुळे? शेवटी तराजू होता म्हणून. कुणी अंदाज केला असता किंवा नसता, त्या बैलाचं वजन तेवढंच राहिलं असतं. कुणी जास्त सांगितलं, कुणी कमी. त्या चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि मधे खरं वजन राहिलं. गेमच्या बाबतीत चूक कशाला म्हणायची? फॅक्टोरिओमध्ये कारखान्याचे पट्टे जोडत रात्र काढणं एकाला स्वर्ग वाटतो, दुसऱ्याला ते ऑफिसचं काम वाटतं. दोघांपैकी कुणाचंही मोजमाप चुकलेलं नाही. त्यांची सरासरी काढली तर दोघांनाही कधी न वाटलेलं असं तिसरंच काहीतरी हाती येतं.

यावर एक पळवाट आहे: बहुसंख्यांना आवडणं हीच दर्जाची व्याख्या मानायची. मानायला हरकत काहीच नाही. पण मग ती व्याख्या आपण निवडलेली आहे, डेटातून निघालेली नाही, एवढं कबूल करावं लागतं. आणि तेवढं कबूल केलं की 'वस्तुनिष्ठ' हा शब्द तिथंच सोडावा लागतो.

आता त्या टक्केवारीकडेच नीट बघू. स्टीमवर २०१३ च्या नोव्हेंबरपासून रिव्ह्यू आहेत आणि तिथं तारे नाहीत, दहापैकी गुण नाहीत. अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढंच. ९७ टक्के म्हणजे शंभरपैकी सत्त्याण्णव गुण नव्हेत. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी 'घ्या' म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे येणारे नवे डेव्हलपरसुद्धा हे विसरतात, तर खेळाडूंनी विसरलं तर नवल नाही. तीन तासांत संपणारा, गोड, कुणालाच न खुपणारा छोटा गेम सहज ९८ टक्क्यांवर जातो, कारण अंगठा खाली करावा असं त्यात काही नसतं. एखादा गेम मात्र खेळाडूकडून खूप काही मागतो. तो अवघड असतो, विचित्र असतो, दहा तास काही कळूच देत नाही. त्यावर शंभरातले पंचवीस चिडून निघून जातात आणि उरलेल्या पंच्याहत्तरांपैकी कित्येकांसाठी तो आयुष्यभराचा गेम ठरतो. स्टीमवर तो ७५ टक्के. त्या पंच्याहत्तरांच्या प्रेमाची खोली मोजायला अंगठ्यात जागाच नाही.

दहापैकी गुण देण्याची सोय असली तरी सुटका होत नाही. समीक्षकांचे आणि खेळाडूंचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर खेळाडूंना शून्य ते दहा गुण देता येतात, पण गरमागरमीच्या प्रसंगी लोक वापरतात ते फक्त शून्य आणि दहा. १९ जून २०२० ला 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' प्लेस्टेशनवर आला. समीक्षकांचा एकत्रित गुणांक होता ९३, आणि पहिल्या काही दिवसांत खेळाडूंचा गुणांक दहापैकी साडेतीनच्या आसपास. गेम साधारण पंचवीस तासांचा आहे. ज्या वेगानं ती शून्यं आली, त्या वेगानं तो खेळून संपवणं शक्यच नव्हतं. कथेतली वळणं आधीच फुटली होती आणि राग त्या वळणांवर होता. त्यानंतर महिन्याभरात मेटाक्रिटिकनं नियम केला की गेम आल्यावर पहिले ३६ तास खेळाडूंना रिव्ह्यू टाकता येणार नाही.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते, कारण ती रोज असते आणि दिसत नाही. मत देणारे आले कुठून? राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभं राहून भेटेल त्याला 'ट्रेकिंग आवडतं का' असं विचारलं तर जवळजवळ सगळे 'हो' म्हणतील. ज्यांना आवडत नाही ते तिथवर चढून आलेच नाहीत. गेमचंही तेच आहे. आगगाड्या चालवण्याचा सिम्युलेटर तोच घेतो ज्याला आगगाड्यांचं वेड आहे. एखाद्या मालिकेचा चौथा भाग घेणारे म्हणजे पहिल्या तिन्ही भागांच्या चाळणीतून उरलेले भक्त. पहिल्या भागाला कंटाळलेला माणूस चौथ्यावर मत द्यायला येतच नाही. म्हणून जितका गेम कोपऱ्यातला, जितका ठरावीक लोकांसाठीचा, तितकं त्याचं रेटिंग चढं राहण्याकडे कल असतो. उलट जाहिरातींनी लाखो अनोळखी लोकांना ओढून आणणाऱ्या मोठ्या गेमच्या वाट्याला, ज्यांच्यासाठी तो नव्हताच असेही खेळाडू येतात. मग ९७ टक्क्यांचा सिम्युलेटर आणि ८८ टक्क्यांचा मोठा गेम यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या गर्दींची तुलना. लाखो रिव्ह्यू जमा केले तरी हा दोष जात नाही. नमुना वाकडा असेल तर तो मोठा केल्यानं सरळ होत नाही, फक्त वाकडं उत्तर जास्त ठामपणे मिळतं.

घेतलेल्यांपैकी लिहिणारे पुन्हा थोडेच. ज्याला गेम ठीकठाक वाटला तो बंद करून झोपायला जातो. लिहितो तो भारावलेला किंवा भडकलेला.

आणि भडकायला गेमच कारण असावा लागतो असंही नाही. २००८ मध्ये 'स्पोर' आला तेव्हा अ‍ॅमेझॉनवर त्याच्यावर एकच तारा देणाऱ्या रिव्ह्यूंचा पाऊस पडला. लोकांचा राग होता तो कॉपी रोखण्यासाठी घातलेल्या सिक्युरॉमवर आणि गेम फक्त तीनदा इन्स्टॉल करू देण्याच्या अटीवर. जून २०१७ मध्ये 'जीटीए फाइव्ह' वर हजारो वाईट रिव्ह्यू आले, कारण टेक-टू कंपनीनं ओपन-आयव्ही या मॉड (म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) बनवण्याच्या साधनाला कायदेशीर नोटीस दिली होती. आपल्याकडचं उदाहरण गेमचं नाही, पण सांगण्यासारखं आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाच्या नावावर भारताबद्दलचं एक विधान फिरलं आणि चिडलेल्या भारतीयांनी अ‍ॅपला एकेक तारा द्यायला सुरुवात केली. त्या रागात कित्येकांनी स्नॅपडीललाही एक तारा दिला. स्नॅपडीलचा त्या वादाशी काडीचाही संबंध नव्हता.

हे सगळे राग चुकीचे होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. 'हेलडायव्हर्स टू' चं प्रकरण बघा. मे २०२४ च्या सुरुवातीला सोनीनं जाहीर केलं की पीसीवर खेळणाऱ्यांनाही प्लेस्टेशन नेटवर्कचं अकाउंट जोडावंच लागेल. कितीतरी देशांत हे अकाउंट अधिकृतपणे काढताच येत नाही. म्हणजे तिथल्या लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम हातातून जाणार होता. दोन-तीन दिवसांत दोन लाखांहून जास्त वाईट रिव्ह्यू आले आणि सोनीला निर्णय मागे घ्यावा लागला. ग्राहकांच्या हातात दुसरं हत्यार नव्हतं. त्यांनी ते वापरलं आणि ते चाललं. मला त्या खेळाडूंचं कौतुकच वाटतं. पण १ मे ला आणि ५ मे ला गेम तोच होता. शत्रू तेच, बंदुका त्याच, मित्रांबरोबर खेळण्याची मजा तीच. रेटिंग मात्र जमिनीवर. तेव्हा तो आकडा सांगत होता तो कंपनीच्या वागण्याबद्दल. ती माहितीही महत्त्वाची आहे, पण तिच्यावरून गेम किती थोर आहे ते ठरवता येत नाही.

उलट्या दिशेनंही हे घडतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण तेच आहे. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' नोव्हेंबर २०१४ मध्ये आला तेव्हा बगांनी भरलेला होता. पात्रांचे चेहरेच गायब होऊन नुसते डोळे आणि दात हवेत लटकतायत, असली चित्रं जगभर फिरली. रेटिंग अर्थातच पडलं. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली. युनिटीमध्ये क्रांतिकाळातलं पॅरिस आहे आणि त्यात ते चर्च फार मेहनतीनं उभं केलेलं आहे. गेम काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीनं डागडुजीसाठी पाच लाख युरो दिले आणि पीसीवर तो गेम आठवडाभर फुकट ठेवला, तोही स्वतःच्या युप्ले दुकानात. त्यानंतर स्टीमवर युनिटीच्या चांगल्या रिव्ह्यूंची लाट आली. साडेचार वर्षं जुना गेम, त्या आठवड्यात त्यात नवीन काहीही घातलेलं नव्हतं.

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं त्याच वर्षी मार्चमध्ये ठरवलं होतं की विषयाशी संबंध नसलेल्या रिव्ह्यूंच्या लाटा गुणांकातून वगळायच्या. मग ही लाट वगळायची का? त्यांनी डेटा बघितला. गेम खेळणाऱ्यांची संख्याही वाढली होती. म्हणजे लोक खरंच परत जाऊन, त्या चर्चच्या माथ्यावर चढून, पॅरिस बघत होते. व्हॉल्व्हनं लाट वगळली नाही. मला तो निर्णय पटतो. जळालेल्या चर्चची आठवण जपणारा गेम ही त्या आठवड्यात गेमची खरीखुरी किंमत होती. बाहेरच्या जगात काय चाललंय त्यावर कलाकृतीचा अर्थ बदलतो, आणि तो बदलावाच. पण विषयाला धरून काय आणि सोडून काय, हे ठरवायला शेवटी माणसं बसली, चर्चा झाली, निर्णय झाला. तुम्ही वस्तुनिष्ठ म्हणून बघता त्या टक्केवारीत असे निर्णय ठासून भरलेले असतात. सप्टेंबर २०१६ मध्ये असाच एक निर्णय झाला: स्टीमबाहेर मिळालेल्या 'की', म्हणजे गेम चालू करण्याचे कोड, वापरून गेम घेतलेल्यांचे रिव्ह्यू गुणांकात धरायचे नाहीत. काही डेव्हलपर अशा 'की' वाटून चांगले रिव्ह्यू मिळवत होते, हे त्यामागचं कारण. त्याच फटक्यात क्राउडफंडिंगमधून (लोकवर्गणीतून) प्रामाणिकपणे 'की' मिळालेल्यांची मतंही गेली.

आता समजा, हे सगळं बाजूला ठेवलं. खोटे रिव्ह्यू नाहीत, राग नाही, लाटा नाहीत, सगळा डेटा धुतल्या तांदळासारखा. तरीही यादी लावताना एक प्रश्न उरतोच, आणि तो आकडे मांडून दाखवल्याशिवाय पटत नाही.

दोन गेम घ्या. पहिल्याला ४०० रिव्ह्यू, त्यातले ९८ टक्के चांगले. दुसऱ्याला १,००,००० रिव्ह्यू, त्यातले ९६ टक्के चांगले. वरचा कोणता? नुसती टक्केवारी बघितली तर पहिला. पण त्या न्यायानं तीन मित्रांनी अंगठे वर केलेला गेम १०० टक्क्यांनी जगातला पहिला ठरेल, म्हणून रिव्ह्यूंची संख्या हिशेबात घ्यावीच लागते. कशी घ्यायची?

एक मार्ग एडविन विल्सनच्या १९२७ च्या सूत्राचा. त्यात विचारतात: एवढ्या रिव्ह्यूंवरून, ९५ टक्के खात्रीच्या पट्ट्यात, खरं प्रमाण कमीत कमी किती असेल? पहिल्या गेमचं उत्तर येतं ९६.१ टक्के, दुसऱ्याचं ९५.९. म्हणजे पहिला वर. दुसरा मार्ग स्टीमडीबी या साइटनं वापरलेला. त्यात प्रत्येक गेमचा गुण ५० टक्क्यांकडे ओढतात आणि रिव्ह्यू दहापट झाले की ती ओढ निम्मी करतात. त्यानं पहिल्याला मिळतात ९०.१ आणि दुसऱ्याला ९४.६. म्हणजे दुसरा वर, आणि चांगलाच वर. तिसरा मार्ग काल्पनिक मतांचा, आयएमडीबीच्या चित्रपटांच्या यादीमुळे प्रसिद्ध झालेला: प्रत्येकाच्या खात्यात सुरुवातीला काही सरासरी मतं घालून ठेवायची. समजा ८० टक्के चांगली अशी मतं घातली. ती दहा घातली तर पहिला गेम वर, शंभर घातली तर दुसरा वर. पन्नासाला जवळजवळ बरोबरी.

तिन्ही पद्धती शहाण्या माणसांनी विचारपूर्वक केलेल्या आहेत. कुठल्याही पद्धतीत गणिताची चूक नाही. पन्नासऐवजी चाळीस मतं घालावीत की साठ, हे गणित सांगत नाही. ते यादी करणारा ठरवतो. कोपऱ्यातल्या छोट्या गेमला संधी मिळावी असं ज्याला वाटतं तो एक सूत्र उचलेल, हजारो लोकांच्या कसोटीला उतरलेलाच गेम वर असावा असं ज्याला वाटतं तो दुसरं. म्हणून 'सर्वोत्तम शंभर' अशी यादी कुणी दाखवली की मी आधी सूत्र विचारते. यादीच्या माथ्यावर तर एकेक दशांश टक्क्यानं क्रम ठरतो, आणि नेमके तिथंच पद्धत बदलली की नावं वरखाली होतात.

रिव्ह्यू लिहिणारे एकमेकांपासून स्वतंत्र असतात, हेही गृहीत धरता येत नाही. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा २००६ सालचा प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. अनोळखी बँडची ४८ गाणी त्यांनी १४,३४१ लोकांपुढे ठेवली. काहींना गाणी नुसती ऐकवली. उरलेल्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं आणि आपल्या गटातल्या आधीच्यांनी काय डाउनलोड केलंय ते दाखवलं. गाणी तीच, सुरुवात शून्यापासून, तरी आठ गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. स्वतंत्रपणे ऐकणाऱ्यांना जी फार चांगली वाटली होती ती सहसा तळाला गेली नाहीत, आणि फार वाईट वाटलेली सहसा माथ्यावर पोचली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. माझ्या कामाचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. रेटिंग गाळ ओळखतं. उत्तम आणि बरं यांतला फरकही पुष्कळदा दाखवतं. उत्तमांमधला सर्वोत्तम मात्र पहिल्या आठवड्यात कोण आलं, कुठल्या स्ट्रीमरनं (इंटरनेटवर थेट खेळून दाखवणाऱ्यानं) तो उचलला, यावरही ठरतो. 'अमंग अस' २०१८ मध्ये आला आणि दोन वर्षं जवळजवळ कुणाच्या गावीही नव्हता. २०२० च्या मध्याला, लॉकडाउनच्या काळात, स्ट्रीमरनी तो उचलला आणि मग जगभर गेला.

काळाचा मुद्दा आला म्हणून 'नो मॅन्स स्काय' बद्दल बोललंच पाहिजे. ऑगस्ट २०१६ मध्ये हा गेम आला तो आभाळाएवढ्या अपेक्षा घेऊन, आणि मुलाखतींतून जे जे सूचित झालं होतं त्यातलं बरंच त्यात नव्हतं. रिव्ह्यू इतके वाईट की गेम संपल्यात जमा. हेलो गेम्सची छोटीशी टीम गप्प बसून काम करत राहिली, वर्षामागून वर्षं फुकट अपडेट देत राहिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टीमवरचा एकूण शिक्का 'व्हेरी पॉझिटिव्ह' झाला. आठ वर्षं लागली. मला ही गोष्ट मनापासून आवडते. पण एकूण टक्केवारी ज्या मतांची बनलेली आहे, त्यातली हजारो मतं आज अस्तित्वात नसलेल्या गेमबद्दलची आहेत. स्टीमनं २०१६ पासून अलीकडचे रिव्ह्यू वेगळे दाखवायला सुरुवात केली ती याचसाठी. रेटिंग म्हणजे अनुभव वजा अपेक्षा, आणि दोन्ही बाजू सतत हलत असतात. किंमतही त्यात येते: तोच गेम सेलमध्ये पाचशे रुपयांना घेतलेला आणि पहिल्या दिवशी चार हजारांना घेतलेला, दोन वेगळे अंगठे मिळवतो.

आणि जे गेम रेटिंगच्या जमान्याआधीचे आहेत त्यांचं काय? अलेक्सी पाजित्नोव या प्रोग्रामरनं मॉस्कोत १९८४ मध्ये टेट्रिस केला. १९८० च्या 'रोग' (Rogue) या गेमवरून गेमच्या एका अख्ख्या प्रकाराला रोगलाइक असं नाव पडलं. १९९३ च्या 'डूम' नं पुढच्या दहा वर्षांचा नकाशा आखला. तेव्हाच्या खेळाडूंची मतं अशी रेटिंगच्या आकड्यांत नोंदलेली नाहीत. आज कुणी त्यांना गुण दिले तरी ते आजच्या डोळ्यांनी, जुन्या आठवणींच्या उमाळ्यानं किंवा 'ग्राफिक्स काय हे' अशा नाराजीनं. सर्वोत्तम गेमच्या ज्या यादीत टेट्रिसला जागा नाही ती मला मान्य नाही, आणि टेट्रिसची ती जागा कुठल्याही टक्केवारीतून येत नाही.

भाषेचाही एक कंगोरा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' आला. जगभरात कौतुक, पण सोप्या चिनी लिपीतल्या रिव्ह्यूंमध्ये वाईट मतांचा भरणा, कारण चिनी भाषांतर खेळाडूंना अजिबात रुचलं नाही. इंग्रजी खेळाडूंच्या हातात जो गेम होता तो चिनी खेळाडूंच्या हातात नव्हताच. स्टीमनं त्याच्या थोडंच आधी, ऑगस्टमध्ये, भाषेनुसार वेगळे गुणांक दाखवायला सुरुवात केली होती. माझ्या मते आजवरच्या सुधारणांमधली ही सर्वांत समजूतदार. आपल्याला मात्र तिचा फारसा उपयोग नाही. मराठी खेळाडू रिव्ह्यू लिहितात ते बहुधा इंग्रजीत, त्यामुळे आपलं वेगळं मत त्या महासागरात मिसळून जातं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला. दुर्गा, विष्णू, जुन्या किल्ल्यांची आणि हवेल्यांची वास्तू गेममध्ये पहिल्यांदा बघणारा आपला खेळाडू, आणि शंभर अ‍ॅक्शन गेम खेळून लढाईची पकड तपासायला आलेला परदेशी खेळाडू, दोघंही इंग्रजीतच लिहितात. दोघांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. एकाच टक्केवारीत घातल्यावर दोघांचंही ऐकू येत नाही.

मग समीक्षकांच्या गुणांवर जावं का? तिथंही तराजू नाही. मेटाक्रिटिक समीक्षकांच्या गुणांना कमी-जास्त वजन देतं आणि ती वजनं जाहीर करत नाही. 'फॉलआउट: न्यू वेगस' च्या वेळी करारात बोनससाठी ८५ ची अट होती आणि गेमला ८४ मिळाले, हे तो गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोननं २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं होतं. एका गुणानं माणसांचे पैसे गेले. आज कितीतरी जण त्या गेमला आपल्या पिढीतल्या उत्कृष्ट रोल-प्लेइंग गेमपैकी एक मानतात.

तर सर्वोत्तम गेमची यादी करायचीच नाही का? जरूर करावी, मला अशा याद्या वाचायला फार आवडतं. फक्त कसोटी आधी सांगावी. पुढच्या डेव्हलपरांवर सर्वांत जास्त ठसा कुणी उमटवला, दहा वर्षांनीही लोक कशाकडे परततात, दुसऱ्या कुठल्याही माध्यमात सांगता आली नसती अशी गोष्ट कुणी सांगितली. प्रत्येक कसोटीची यादी वेगळी येईल आणि प्रत्येकीवर पुराव्यानिशी भांडता येईल. त्या भांडणात रेटिंग एक साक्षीदार म्हणून यावं. न्यायाधीश म्हणून येऊ नये.

रोजच्या खरेदीसाठी मात्र रेटिंग उत्तम साधन आहे, म्हणून ते मी कसं वाचते ते सांगते. एकूण आकड्यापेक्षा गेल्या तीस दिवसांचा आकडा आधी बघते. दोन्हींत मोठी तफावत असेल तर रिव्ह्यूंचा आलेख उघडून लाट कुठल्या तारखेला आली ते बघते आणि त्या तारखेला काय घडलं होतं ते शोधते. बहुतेक वेळा उत्तर पाच मिनिटांत मिळतं. ८५ आणि ९५ यांतल्या फरकावर निर्णय घेत नाही. ६० च्या खाली असेल तर कारण कळल्याशिवाय पैसे घालत नाही, कारण गेम मोडका असेल तर खेळाडू ते सर्वांत आधी आणि सर्वांत खरं सांगतात: सारखा क्रॅश होतोय, सेव्ह फाइल उडतेय, साध्या ग्राफिक्स कार्डावर चालत नाही. प्रत्येक रिव्ह्यूशेजारी खेळलेले तास असतात. चाळीस-पन्नास तास खेळून अंगठा खाली केलेल्यांचे चार-पाच रिव्ह्यू मी पूर्ण वाचते. त्यांना गेम आतून माहीत असतो आणि कुठं मन उठलं ते ते नेमकं सांगतात. त्यांची तक्रार वाचून 'हे मला चालेल' असं वाटलं तर गेम घेते. नाहीच जमला तर स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. पहिल्या दोन तासांत मेनूमध्ये वेळ न घालवता थेट खेळायला लागावं.